मंगफची उखडलेली लाईन

तुम्हाला वाटलं असेल, कुवेतची गोष्ट म्हणजे वाळू येणार, उंट येणार, तेलाची विहीर येणार आणि शेवटी कोणीतरी सोनं घेऊन घरी जाणार. तर तसं काही नाहीये. ही रेल्वेची गोष्ट आहे. आता तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल, कुवेतमध्ये रेल्वे नाही. बरोबर आहे. कधी नव्हतीच. पण ती बंद पडली होती आणि तिच्यावरून आम्ही दर शुक्रवारी सायकलने जायचो.

आमच्या रूमवर एक मामा होता. माझा सख्खा नव्हे, सगळ्यांचाच. लातूरकडचा, काळा, उंच, मिशा अशा की त्याच्यापुढे दोन पावलं चालतायत असं वाटायचं. कंपनीत एसीचे डक्ट बसवायचा. मी इलेक्ट्रिशियन, चिपळूणजवळच्या एका गावचा, म्हणून तो मला 'कोकण्या' म्हणायचा. तालुक्याच्या शाळेत मी हेडमास्तरांचा आवाज काढून एकदा अख्ख्या शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली होती. तेवढं एक सोडलं तर माझं शिक्षण बेताचंच.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मंगफला, म्हणजे कुवेतमधल्या आमच्या वस्तीत, बिल्डिंगीच्या मागून एक डांबरी पट्टा जायचा. गाड्यांना बंदी, फक्त चालायचं आणि सायकल. दोन्ही बाजूंना गुलाबी कण्हेरी, मधेमधे खजूर, बसायला बाकडी, आणि एका वळणानंतर उजव्या हाताला एकदम समुद्र. कुवेतच्या मानाने फारच सुंदर. मामा नवीन आला तेव्हा कंपनीच्या पठाण ड्रायव्हरने त्याला बसमधून तो पट्टा दाखवला आणि म्हणाला, "ये पुरानी लाईन है. निकाल दिया सब. ऊपर रोड बना दिया."

पठाणाच्या मनात तेलाची पाइपलाइन होती. मामाच्या गावी लाईन एकाच गोष्टीला म्हणतात.

झालं. मामा रूमवर आला तो आनंदानेच. म्हणाला, "कोकण्या, आपल्या घराच्या मागं लाईन हाय रं. उखडलीय, पर हाय."

मी म्हटलं, "मामा, इथे रेल्वे नाही."

"आता न्हाईच. उखडली म्हणलं की."

ह्या माणसाशी वाद कसा घालायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही म्हणालात नाही, तर तो म्हणायचा, तेच तर सांगतोय, नाहीये.

पुरावेही होते त्याच्याकडे. पट्ट्याच्या कडेला सिमेंटचे बुटके खांब होते, नंबर घातलेले. ते किलोमीटरचे. मोऱ्या होत्या, त्या तर मोऱ्याच. पाइपाखालचा एक सिमेंटचा ओटा उरला होता, तो प्लॅटफॉर्म. एक हिरवी पत्र्याची खोली होती, बाहेर कुलूप, आत व्हॉल्व्ह. ती केबिन. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वळणं. "रस्तेवाला अशी वळणं काढंल का? रस्तेवाला काटकोनात वळतो. अशी लोण्यावानी वळणं निस्ती रेल्वेवालाच काढतो."

कंपनीत पुण्याचे एक इंजिनिअर साहेब होते. त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत मामाला समोर बसवून समजावलं. "हे बघा, ती तेलाची पाइपलाइन होती. जुनी झाली, काढली."

"तेलाची," मामा म्हणाला.

"हो."

"साहेब, मोठ्या लाईनीवर तेलाच्या टाक्यांची मालगाडी बघितली न्हाई का तुमी?"

"बघितलीये की."

"झालं तर मग," मामा म्हणाला आणि डबा बंद करून उठला.  मला वाटतं क्षणभर साहेबांनाही पटलं असावं.

मामाचं मूळ असं, की त्याचे वडील छोट्या लाईनीवर गेटमन होते. छोटी लाईन म्हणजे त्यांच्याकडची नॅरोगेज, कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारी. ती गाडी इतकी हळू जायची की लोक चालत्या गाडीतून उतरून शेतातली बोरं काढून परत चढायचे, असं तो सांगायचा. मामा गेटावरच वाढला. मोठा होऊन रेल्वेतच खलाशी व्हायचं ठरलेलं होतं. पण तोवर छोटी लाईन काढून मोठी टाकायचं ठरलं, छोटीवरची भरती थांबली, आणि मामा आला कुवेतला. हे तो अशा आवाजात सांगायचा की जसं काही बस चुकली म्हणून रिक्षाने आलो.

आता शुक्रवार कसा असायचा ते सांगतो.

सकाळी सहा म्हणजे सहा. मामाची सायकल काळी, दणकट, मागे कॅरियरला दोन झेंड्या बांधलेल्या, एक लाल, एक हिरवी. मी त्याच्या मागे माझ्या सायकलवर. मी म्हणजे डबा. डब्याने इंजिनाच्या पुढे जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण इंजिन सुद्धा असंच निघत नाही. त्याला गोळा लागतो.

गोळ्याचं समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. छोट्या लाईनीवर रूळ एकच. जाणारी गाडी त्यावरूनच, येणारी पण त्यावरूनच. मग दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देतो. गोळा ज्याच्याकडे, दोन स्टेशनांमधली लाईन, म्हणजे सेक्शन, त्याची. गोळा नसेल तर देव आला तरी गाडी हलत नाही. तो गोळा असतो एका चामड्याच्या पिशवीत, पिशवी असते वेताच्या मोठ्या कड्याला, आणि धावत्या गाडीतून ड्रायव्हर ते कडं हातात अडकवून घेतो.

मामाने डक्टच्या सळईचं कडं केलं होतं, त्याला कॅनव्हासची पिशवी शिवली होती आणि आत गोळा म्हणून दाराची पितळी मूठ. हे सगळं राहायचं कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात. तिथला सलीमभाई आमच्या बाजूचा, दाभोळ खाडीचा. शुक्रवारी सकाळी सहाला तो दुकानाच्या पायरीवर कडं हातात धरून उभा. मामा सायकल न थांबवता यायचा, हात बाहेर काढायचा, आणि कडं खट्‌दिशी खांद्यापर्यंत.

मी सलीमभाईला विचारलं होतं, "भाई, तुम्ही का करता हे?"

"अरे बाबा," सलीमभाई म्हणाला, "पयल्या दिवशी मी म्हणालो, मामू, मला कामं आहेत. तर तो उभाच राहिला. दुकानासमोर, सायकल धरून. गिऱ्हाईक येतं, जातं, हा उभा. मी म्हणालो, काय पायजे? म्हणतो, सिग्नल. मग देऊन टाकला गोळा. सोपं पडतं."

पट्ट्यावर स्टेशनं होती. पहिलं बाकडं बार्शी, ओटा म्हणजे ढोकी, हिरवी पत्र्याची केबिन येडशी, आणि समुद्र दिसला की लातूर. माझा भूगोल कच्चा, पण येडशी ढोकीच्या आधी येते असं मला कोणीतरी सांगितलं. मी मामाला म्हटलं. मामा म्हणाला, "इकडं उलटं हाय. अरबी उजवीकडनं लिहितेत."

प्रत्येक स्टेशनला गाडी थांबायची. कोणी चढायचं नाही, उतरायचं नाही. मामा घड्याळ बघायचा, हिरवी झेंडी हलवायचा आणि निघायचा. ढोकीला थर्मासमधला चहा.

वाटेत एक कुवेती म्हातारा भेटायचा. पांढरा पायघोळ, हातात काठी, खाली बघत बघत चालायचा. मामाच्या मते तो गँगमन, लाईन तपासणारा. गँगमनला गोळा लागत नाही. मामा त्याला सलाम ठोकायचा, तो छातीवर हात ठेवून मान झुकवायचा. दोघं एकमेकांच्या नोकरीचा मान राखून होते. एक फिलिपिनो पोरगा मात्र तंग चड्डी घालून रेसची सायकल सुसाट हाणायचा. एकदा मामाने भर लाईनीत लाल झेंडी दाखवली. तो थांबला, घाबरला. मामाने त्याला शुद्ध लातुरी मराठीत सांगितलं, "बाबा, गोळा न घेता सेक्शनमधी शिरायलास, मरशील." तो "सॉरी सर, सॉरी सर" म्हणाला. पुढच्या शुक्रवारपासून तो ढोकीच्या ओट्यावर सायकल आडवी धरून, मामा पुढे जाईपर्यंत थांबायला लागला. आपल्याकडे शिकलेली माणसं फाटकाखालून वाकून जातात.

मामाला गाडी बोलताना ऐकू यायची. म्हणजे खरंच. सकाळी दात घासताना तो ते करून दाखवायचा. सपाटीवर छोटी गाडी म्हणते, "जाऊ का नको, जाऊ का नको, जाऊ का नको." चढावर म्हणते, "ढकला की... कुणीतरी... ढकला की..." आणि उतारावर, "आता धरू नका आता धरू नका आता धरू नका!" मग शिट्टी. ती मामा गालात हवा भरून काढायचा, बारीक, लांब, शेवटी जराशी कापणारी. तोंडात पेस्ट असायची, त्यामुळे आरसा सगळा पांढरा.

मला नकलांचा रोग. आमच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या फोरमनची तर मी करायचोच, "यल्ला यल्ला, नो बुकरा, टुडे," म्हणजे उद्या नाही, आजच; सलीमभाईची करायचो, मामाची मामासमोर करायचो. पण छोटी गाडी बसवायला मला वेळ लागला. मी कोकणातला, आमच्याकडे गाडी आली ती एकदम मोठी आणि डिझेलची, भोंगा वाजवत. ती काय म्हणते? काही म्हणत नाही, नुसती ओरडते. मी बाथरूममध्ये नळ सोडून "जाऊ का नको" घोटत बसायचो. बाहेरून पोरं ओरडायची, "जा बाबा एकदाचा, आम्हाला ड्युटी आहे!"

तर असं सगळं मजेत चाललं होतं. मग मामी येणार असं ठरलं.

मामी गावी असायची. मामा दर आठवड्याला कार्ड घालून फोन करायचा आणि आम्हाला सगळं ऐकू जायचं, कारण मामाला वाटायचं, लांबचा फोन म्हणजे मोठ्यानं बोलावं लागतं. "लाईनीच्या बाजूलाच राहतो!" तो ओरडायचा. "न्हाई, गाडी न्हाई! बंद हाय! उखडली, वरनं डांबर टाकलं! कण्हेरी लावल्यात!" मामीने हे साऱ्या गावाला सांगितलं. गावाने तिच्या दादाला सांगितलं. आणि तिचा दादा होता मोठ्या लाईनीवर टीसी.

दादा म्हणाला, कुवेतला रेल्वे कधीच नव्हती. तुझा नवरा खोटं बोलतोय. लाईनीचं खोटं सांगतो तो बाकीचं काय काय खोटं सांगत असेल, बघ तूच.

हे मामीने मामाला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाली, "मी येते व्हिजिटवर. मला लाईन दाखवा. न्हाई दिसली तर दुसऱ्या विमानानं माघारी, आन् मग तुमचं तुमी बघा." तिचा आवाज मामाहून मोठा असल्यामुळे तेही आम्हाला ऐकू आलं.

मामाने फोन ठेवला. "येऊ दे. दाखवतो," म्हणाला. पण त्या शुक्रवारी सलीमभाई कडं घेऊन पायरीवर उभाच राहिला आणि मामा आलाच नाही. पलंगावर पडून होता. मी म्हटलं, "मामा, गाडी?" तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "रद्द."

हे मात्र मला बघवेना. मी बकाल्यात गेलो. "भाई, काहीतरी करायला पाहिजे. मामी येऊन बघणार काय? डांबर?"

सलीमभाई कांदे निवडत होता. म्हणाला, "लाईन नाय ती कुठून आणणार तू?"

"लाईन नाही, पण गाडी आणू शकतो," मी म्हटलं.

सलीमभाईने माझ्याकडे बघितलं. "कर काय करायचं ते. पण माझा नाव घेऊ नको."

मामी आली. ठेंगणी, गोरी, नाकात चमकी, आणि नजर अशी की आमच्या पोरांनी आपणहून बनियनवर शर्ट चढवले. वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब सुट्टीवर गेलं होतं, त्यांचा फ्लॅट मामाला महिन्यासाठी मिळाला होता. तिने शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती सगळ्यांना दिली. लाईनीबद्दल एक शब्द नाही. म्हणाली फक्त, "शुक्रवार कधी हाय?"

शुक्रवारी मी पहाटेच आडवाटेने येडशीला जाऊन केबिनच्या मागे कण्हेरीत बसलो. सोबत तुपाचा रिकामा डबा आणि एक चमचा. पुढचं जे मी बघितलं नाही ते सलीमभाईने मला नंतर सांगितलं. मामा सायकल घेऊन आला, मागे कॅरियरवर मामी एका अंगाला बसलेली, पदर खोचून. मामाने नेहमीसारखा हात काढला. पण त्याआधीच मामीने हात लांब केला आणि कडं चालत्या सायकलवरून असं सफाईने उचललं की सलीमभाईची बोटं तशीच हवेत राहिली. तिचे वडील छोट्या लाईनीवर पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे, होते. हे मामाने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

मग ती दोघं मला दिसली. केबिनपाशी मामाने ब्रेक लावला. "ही येडशी," तो म्हणाला. नेहमीपेक्षा हळू.

मामी उतरली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पायाने डांबर दाबून बघितलं. "रूळ?"

"उखडले म्हणलं की."

"स्लीपर?"

"नेले."

"खडी?"

मामा कॅरियरवरची झेंडी नीट करायला लागला.

"अवो, खडी कोण नेतं का उचलून? लाईन उखडली तरी खडी राहते. आमच्या अण्णांच्या क्वार्टरमागं अजून हाय. इथं एक बी खडा कसा न्हाई?"

मामा खाली वाकला. कडेची माती उकरायला लागला. दोन्ही हातांनी. वाळू निघाली, सिगरेटचं थोटूक निघालं, एक बाटलीचं बूच निघालं. मामा बूच हातात घेऊन बघत राहिला. आणि मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"जाऊ का नको," मी डब्यावर चमचा हाणत सुरू केलं. "जाऊ का नको, जाऊ का नको..." आधी लांबून, बारीक. मग जवळ. मग चढ घेतला, "ढकला की... कुणीतरी... ढकला की..." आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा घेऊन शिट्टी मारली. बारीक, लांब, शेवटी कापणारी.

मामा उडालाच. "बाजूला! बाजूला हो!" त्याने मामीला दंडाला धरून कण्हेरीत ढकललं, सायकल पट्ट्यावरून ओढली आणि लाल झेंडी फडफडवत वळणाकडे धावला. तिकडून कुवेती म्हातारा येत होता. त्याने लाल झेंडी बघितली आणि शिस्तीत पट्ट्यावरून खाली उतरून उभा राहिला. मागून तो फिलिपिनो आला. तो पण उतरला. सायकल उचलून बाजूला घेतली.

आणि मग कुवेतमधल्या त्या सकाळी, एक लातूरचा, एक लातूरची, एक कुवेती आणि एक फिलिपिनो अशी चार माणसं डांबरी पट्ट्याच्या कडेला उभी राहून गाडीची वाट बघत होती.

गाडी आली नाही. माझा दम संपला होता. मला खोकला आला.

मामी वळली. तिचे डोळे मिटलेले होते की मला तसं वाटलं, माहीत नाही. मग म्हणाली, "ये रं बाळा बाहेर. चप्पल दिसायलीय तुझी."

घरी आल्यावर मामाने माझी जी हजेरी घेतली, तशी आमच्या हेडमास्तरांनी सुद्धा घेतली नव्हती. मी खुर्चीत, मामा उभा, मामी स्वयंपाकघराच्या दारात.

"तुला अक्कल हाय का रं कोकण्या? इतकी वर्षं मी हिला फोनवर काय सांगितलं? लाईन बंद हाय. उखडलीय. एक गाडी येत न्हाई. आन् ही पहिल्यांदा लाईनीवर आली, तर समोरनं गाडी! खोटं पाडलंस मला, तिच्या डोळ्यांदेखत!"

"पण मामा, गाडी आली म्हणजे लाईन होती हे तरी..."

"लाईन होतीच! ते कोण इचारायलंय? बंद लाईनीवर गाडी आली तर ती बंद हाय हे खोटं झालं का न्हाई?"

मी तुपाचा डबा खुर्चीखाली सरकवला. 

तेवढ्यात मामीने कार्ड घेतलं आणि फोन लावला. मामाचा हात हवेत तसाच थांबला. "दादा," ती ओरडली, "बघितली लाईन! ... हां, होती! ... न्हाई, रूळ न्हाईत, उखडलेत. आपल्या लाईनीवानीच! ... कशावरनं काय? इथं बकाल्यातला मानूस पायरीवर उभारून गोळा देतोय! मी घेतला की हातानं! लाईन नसती तर गोळा कशापायी दिला असता त्यानं? तूच सांग की, टीसी हायस ना!"

 मामीने फोन ठेवला आणि आत जाऊन चहा टाकला.

मामाने एकदा तिकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. आवाज जरा बसला होता, पण राग मोडायचा नव्हता त्याला. "आन् शिट्टी! शिट्टी तरी नीट मारायची. असली शिट्टी असती व्हय छोट्या गाडीची?"

"शिट्टी बराबर होती," आतून मामी म्हणाली. "गप बसा."

मामा गप्प बसला. चहा उकळल्याचा आवाज येईपर्यंत. मग माझ्याजवळ वाकला आणि दात खाऊन, तिला ऐकू जाणार नाही अशा, म्हणजे खाली बकाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बराबर असली म्हणून काय झालं? गोळा होता का तुझ्याकडं? सेक्शनमधी मी, गोळा माझ्याकडं, गाडीवर घरची लक्ष्मी बसलेली, आन् समोरनं तू! धडक झाली असती, तर तिच्या दादाला काय तोंड दाखवलं असतं मी?"